दिवाणखान्यातले थिएटर

होम थिएटरच्या खोक्यावर ठळक छापलेल्या 5.1 या आकड्यातला पाच म्हणजे आवाजाचे पाच स्वतंत्र मार्ग. धंद्याच्या भाषेत त्यांना चॅनेल म्हणतात. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, आणि ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन सराउंड. टिंबानंतरचा एक हा फक्त खर्जासाठी राखलेला सहावा मार्ग. साधारण 120 हर्ट्झच्या वरचे काहीही त्यातून येत नाही, म्हणून त्याला पुऱ्या चॅनेलचा मान नाही. 7.1 मध्ये मागच्या भिंतीकडे आणखी दोन स्पीकर वाढतात. 5.1.2 किंवा 5.1.4 असे तीन आकडे दिसले, तर शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरांचा.

ही मांडणी चित्रपटगृहातून घरात आली. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटासिया’साठी 1940 मध्येच पडद्यामागे आणि प्रेक्षागृहात वेगवेगळे स्पीकर लावले गेले होते, पण ती यंत्रणा इतकी महाग आणि अवजड होती की मोजक्याच थिएटरांपलीकडे गेली नाही. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ने चार चॅनेलचा डॉल्बी स्टिरिओ गाजवला. 1979 च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये मागच्या आवाजाचे डावा-उजवा असे दोन भाग झाले, आणि आजच्या 5.1 चा आराखडा तिथे पहिल्यांदा नीट दिसला. 1992 मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर हाच आराखडा डिजिटल झाला, त्याची माहिती फिल्मच्या कडेला असलेल्या दात्यांच्या भोकांमधल्या चिमुकल्या चौकोनांत छापलेली असे. 2012 मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाने डॉल्बी ॲटमॉस आणले. त्यात आवाज ठरावीक चॅनेलला बांधलेला नसतो. हेलिकॉप्टर खोलीत कुठे आहे एवढेच नोंदलेले असते, आणि हाताशी असलेल्या स्पीकरांतून ती जागा कशी उभी करायची ते घरातले यंत्र ठरवते.

महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ या शब्दाने मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच डोळ्यांपुढे येते. रे डॉल्बी यांनी 1965 मध्ये लंडनला कंपनी काढली ती मात्र आवाज वाढवण्यासाठी नव्हे, टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. त्याआधीची काही वर्षे ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते.

खरेदीकडे वळण्याआधी स्पीकर काय करतो ते थोडक्यात पाहावे लागते. आज सर्वत्र दिसणारी रचना अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये पुढे आणली. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन. वेटोळ्यातून वीज खेळली की कोन पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. तत्त्व एवढेच. अडचण आहे ती आवाजाच्या पल्ल्याची. माणसाला ऐकू येणारा आवाज 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत पसरलेला आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, त्यामुळे 20 हर्ट्झच्या लाटेची लांबी 17 मीटर भरते, तर 10,000 हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एकाच कोनाने एसटीहून लांब लाटही हलवायची आणि बोटाएवढीही, हे जमत नाही. म्हणून खर्जाला मोठा वूफर, टिपेच्या आवाजाला नखाएवढ्या घुमटाचा ट्वीटर, आणि कोणाला काय द्यायचे ते वाटणारा क्रॉसओव्हर अशी विभागणी होते. कपाटाच्या कप्प्यात मावणाऱ्या छोट्या स्पीकरने जमीन हादरवणारा खर्ज काढावा ही अपेक्षा या आकड्यांपुढे टिकत नाही.

हे आकडे खोलीलाही लागू पडतात, आणि खरेदीच्या यादीत जिचे नाव कधीच नसते ती वस्तू म्हणजे खोली. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटचा हॉल साधारण 10 फूट रुंद, 15 फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच धरू. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटेची बरोबर अर्धी लांबी मावली की ती लाट तिथे अडकून घुमू लागते. या हिशेबाने लांबीच्या दिशेला सुमारे 38 हर्ट्झ, रुंदीच्या दिशेला 56 आणि जमीन-छताच्या मध्ये 59 हर्ट्झ या ठिकाणी खोली स्वतःच गाऊ लागते. शेवटचे दोन आकडे एकमेकांना अगदी खेटून आहेत. त्यामुळे ढोलाचा एखादा ठोका अंगावर येतो आणि त्याच्या शेजारचा सूर मात्र दुबळा पडतो. स्पीकर कितीही किमती आणला तरी हा दोष जात नाही. तो भिंतींच्या अंतरात आहे. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज सर्वांत फुगलेला असतो, आणि आपल्याकडे सोफा बहुधा भिंतीलाच टेकलेला असतो.

खोलीचा दुसरा गुण म्हणजे तिचा घुमारा. हार्वर्ड विद्यापीठात 1895 च्या सुमारास वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून काही कळत नसे. सेबिनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले, आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत नेऊन ठेवल्या. खोलीचे आकारमान आणि तिच्यातले आवाज शोषणारे पृष्ठभाग यांच्या गुणोत्तरावर घुमारा ठरतो, हे त्याचे सूत्र आजही वापरात आहे. वर सांगितलेला हॉल रिकामा असेल, खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना गुळगुळीत रंग आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी असेल, तर या सूत्राने घुमारा दोन-तीन सेकंदांवर जातो. संवाद स्वच्छ ऐकू येण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आत हवा. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना मारलेली टाळी जशी खणखणते आणि सामान आल्यावर ती जशी विझते, तोच हा फरक. कापडी सोफा, जाड पडदे, टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये पसरलेली सतरंजी किंवा गालिचा आणि पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट यांनी बरेचसे काम होते.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा प्रकार अजून कुठे कुठे दिसतो. त्याने काहीच साधत नाही. एक इंचाचा स्वस्त फोम सगळीकडे लावणे त्याहून वाईट, कारण तो फक्त टिपेचा आवाज गिळतो आणि खर्ज तसाच ठेवतो. खोली निर्जीव होते आणि धमधम कायम राहते. शिवाय आवाज शोषणे आणि आवाज अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज जड भिंत आणि फटी नसलेले दार अडवते. पडद्याने तो अडत नाही.

आता निवड. पैसे कुठे घालावेत याचे उत्तर चित्रपट स्वतः देतो. संवादाचा बहुतेक भार एकट्या मधल्या स्पीकरवर असतो, आणि घरोघरीची तक्रार ठरलेली असते: बोलणे ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या मारामारीत सगळी इमारत जागी होते. तरीही दुकानात सर्वांत कमी लक्ष मधल्याच स्पीकरकडे जाते, कारण तो आडवा, बुटका आणि दिसायला किरकोळ असतो. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असावेत. ट्वीटर आणि कोन वेगळ्या जातीचे असले, तर पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्यावर येताच बदलतो. जणू त्याला मधेच सर्दी झाली. एकूण रकमेतला निम्म्याहून अधिक वाटा या तिघांना द्यावा, मग फक्त खर्ज काढणाऱ्या सबवूफरला, आणि उरलेला सराउंडला. तीन चांगले स्पीकर आणि एक बरा सबवूफर एवढ्यावर सुरुवात करून सराउंड पुढच्या दिवाळीला घेतले, तरी बिघडत नाही. तेवढ्याच रकमेत नऊ सुमार स्पीकर बसवणाऱ्यापेक्षा अशी सुरुवात करणारा सुखी राहतो.

सोफा भिंतीला टेकलेला असेल तर 7.1 चा मोह धरू नये. मागचे दोन स्पीकर कानाला चिकटतात आणि लक्ष वेधत राहतात. अशा हॉलला 5.1 पुरते. फॉल्स सीलिंगचे काम चालूच असेल, तर त्यात दोन स्पीकर बसवून 5.1.2 करणे शहाणपणाचे. छताकडे आवाज फेकून तो खाली परतवणारे स्पीकरही मिळतात, पण त्यांना सपाट आणि कठीण छत लागते. पीओपीच्या पायऱ्या, कोव्ह आणि मधोमध झुंबर असले की तो आवाज कुठेतरी भरकटतो.

खोक्यातले तयार होम थिएटर आणि साउंडबार यांची जात वेगळी. मुठीएवढ्या स्पीकरांना 150 ते 200 हर्ट्झच्या खाली जाता येत नाही, म्हणून पुरुषाच्या आवाजातला खालचा भाग सबवूफरकडे जातो आणि नायकाचे अर्धे बोलणे कोपऱ्यातल्या डब्यातून येऊ लागते. साउंडबारमध्ये हा दोष थोडा झाकलेला असतो. ज्या खोलीत वायरी टाकता येत नाहीत, भाड्याचे घर आहे, किंवा हॉल एवढा लहान आहे की सराउंड ठेवायला बाजूच नाही, तिथे चांगला साउंडबार घेण्यात कमीपणा नाही. टीव्हीच्या पोटातल्या, खाली तोंड करून बसवलेल्या स्पीकरांपेक्षा तो पुष्कळ बरा.

जाहिरातीतल्या आकड्यांपैकी सर्वांत फसवा वॅटचा. एके काळी हातात धरता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही हजार वॅट पीएमपीओ असे स्टिकर असत. त्या मोजणीला काही धड नियमच नव्हता. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, हा त्यापेक्षा प्रामाणिक आकडा, पण तोही किती चॅनेल एकदम चालवून, किती ओहमच्या रोधावर आणि किती टक्के विकृती धरून मोजला हे बघावे लागते. एकच चॅनेल, 6 ओहम आणि 10 टक्के विकृती धरून लिहिलेले 150 वॅट हे दोन चॅनेल, 8 ओहम आणि 0.08 टक्के विकृतीवरच्या 80 वॅटांपेक्षा जास्त असतीलच असे नाही.

त्याहून उपयोगी आकडा म्हणजे संवेदनशीलता: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. समजा हा आकडा 87 आहे. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत अंतरामुळे होणारी घट वजा केली आणि खोलीतल्या परावर्तनांची मदत धरली, तरी साधारण 80 डेसिबल पोचतात. साधे बोलणे 60 च्या आसपास असते. म्हणजे एका वॅटमध्येच खोली भरते. दहा वॅटला 90, शंभर वॅटला 100. आणखी तीन डेसिबल हवे असतील तर 200 वॅट लागतात, आणि तीन डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारी वाढ. शंभराचा ॲम्प्लिफायर सोडून एकशे वीसचा घेण्यासाठी मोजलेल्या पैशांचे ऐकण्यात काहीच उतरत नाही. तेच पैसे 90 डेसिबलच्या स्पीकरवर घातले, तर आहे त्याच ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट झाल्यासारखी होते. ओहमचा आकडा मात्र जुळवून घ्यावा. 4 ओहमचे स्पीकर हलक्या रिसीव्हरला, म्हणजे चॅनेल वाटून स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला, जोडले, तर उन्हाळ्यात तो तापून मधेच बंद पडतो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची बुधवार पेठ असो की मॉलमधली वातानुकूलित शोरूम, ऐकून घेतल्याशिवाय स्पीकर घेऊ नये. विक्रेता नेहमी स्फोट आणि विमाने ऐकवतो. खरा स्फोट बहुतेकांनी जवळून ऐकलेला नसतो, त्यामुळे खोटा ओळखू येत नाही. माणसाचा आवाज मात्र प्रत्येकाच्या कानाला पाठ असतो. ओळखीच्या निवेदकाची बातमी, वर्षानुवर्षे ऐकलेले एखादे भावगीत, तबल्याच्या डग्ग्याची मींड आणि तंबोऱ्याची आस यांनी स्पीकर लवकर उघडा पडतो. पुरुषाचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला, ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचले, किंवा डग्गा आणि चाट एकाच जागी चिकटले, तर पुढे जावे. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगावे. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर कानाला उगाच अधिक चांगला वाटतो, आणि ज्याच्यात नफा जास्त त्याचा आवाज किंचित चढा ठेवणे ही जुनीच विक्रीकला आहे. बसल्या जागेवरून उठून बाजूलाही ऐकावे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात आणि नंतर अमेरिकेत डोळ्यांआड केलेल्या चाचण्यांत असे दिसले की समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा आवाज देणारा स्पीकर बहुतेक श्रोते निवडतात, मग त्यावर नाव कोणतेही असो. खोलीत पसरणारा आणि भिंतींवरून परतणारा आवाज हा बाजूचाच असतो.

स्पीकर घरी आले की जागेचा प्रश्न येतो. समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांनी सोफ्याच्या मध्यापासून 22 ते 30 अंश बाहेर असावे. टीव्हीची भिंत सोफ्यापासून नऊ फुटांवर असेल, तर दोन स्पीकरांमध्ये साधारण सव्वासात ते साडेदहा फूट अंतर येते. सुताराने केलेले टीव्ही युनिट बहुधा सहा फुटांचे असते आणि स्पीकर त्याच्या दोन टोकांना बसतात, म्हणून चित्र मोठे आणि आवाज चिंचोळा राहतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर असावा. शोकेसच्या खणात स्पीकर आत ढकलला की तो खणच ढोलकीसारखा वाजतो. तिथेच ठेवणे भाग असेल तर त्याचे तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे आणावे आणि मागची-बाजूची पोकळी जुन्या कापडाने भरावी. मागे भोक असलेल्या स्पीकरला भिंतीपासून निदान वीतभर तरी मोकळे ठेवावे.

मधला स्पीकर टीव्हीच्या खाली, सोफ्याकडे किंचित वर तोंड करून ठेवावा. पुढच्या पायांखाली रबराची चकती सरकवली की हे काम भागते. टीव्ही देव्हाऱ्यासारखा उंच टांगण्याची रीत आवाजाच्या मुळावर येते; चेहरा वर आणि बोलणे गुडघ्याच्या उंचीवर असे होते.

सराउंड बसलेल्या माणसाच्या 110 ते 120 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे हवेत. सोफा भिंतीला टेकला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर 90 ते 100 अंशांवर लावावेत आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर घ्यावेत, म्हणजे शेजारी बसलेल्याचे डोके आड येत नाही. ॲटमॉस असेल तर मात्र ते कानाच्या उंचीजवळच ठेवावेत, नाहीतर वरचा आणि बाजूचा आवाज एकच होतो. हॉलची एक बाजू स्वयंपाकघराकडे उघडी असल्याने सराउंडला भिंतच नाही, ही अडचण आपल्याकडे फार घरांत येते. तिथे स्टँड किंवा छतावरून आलेला ब्रॅकेट हेच उत्तर.

बाजूच्या भिंतीवरचे पहिले परावर्तन शोधायला आरसा पुरतो. एकाने सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात समोरचा स्पीकर दिसतो ती जागा पडदा, पुस्तकांचे कपाट किंवा भिंतीवर टांगलेली एखादी जाड गोधडी यांनी मऊ करावी. संवादातला स्पष्टपणा त्याने लगेच वाढतो.

सबवूफरच्या बाबतीत कोन आणि अंशांचे नियम गळून पडतात. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी टीएचएक्स या आवाजाच्या मानकासाठी हीच सीमा धरली आणि आज बहुतेक रिसीव्हरांत ती सुरुवातीची ठेव असते. त्यामुळे सबवूफर कुठेही लपवता येतो असे वाटते, पण खोली आपला हिशेब वसूल करते. कोपऱ्यात तो सर्वांत जोरात आणि बहुधा सर्वांत बेढब वाजतो. चांगली जागा शोधण्याची पद्धत थोडी हास्यास्पद आहे: सबवूफर सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवायचा, खर्जातले सूर एकामागून एक येणारे एखादे गाणे लावायचे आणि घरातल्या एकाने रांगत भिंतीकडेने फिरायचे. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने ऐकू येतात तिथे सबवूफर ठेवायचा. लाटांना दोन टोकांची अदलाबदल चालते, म्हणून हे जमते. दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तर सोफ्याच्या सगळ्या जागांवर खर्ज जवळपास सारखा मिळतो. एक मोठा घेण्यापेक्षा हे बरे. सबवूफरच्या पाठीवरचे क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवावे, कारण ती वाटणी रिसीव्हर आधीच करतो. दोघांनी केली की मधला भाग गायब होतो.

वायरीवर फार खर्च करू नये. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा दहा मीटरपर्यंतचा फेरा 8 ओहमच्या स्पीकरपुढे सुमारे तीन टक्के रोध घालतो. तो ऐकू येत नाही. त्यापेक्षा लांब अंतराला किंवा 4 ओहमला अडीच चौरस मिलिमीटर घ्यावी. वायर आत खरोखर तांब्याची आहे ना, एवढे चाकूने खरवडून पाहावे, कारण तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम बाजारात उदंड आहे. घराचे काम चालू असेल तर वायरमनला स्पीकरसाठी वेगळा पाइप टाकायला सांगावा. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला लावायला विसरू नये. एक जरी स्पीकर उलटा जोडला, तरी त्याचा कोन बाकीचे पुढे जाताना मागे जातो, खर्ज एकमेकांना खातो आणि मधला आवाज विस्कटतो. यंत्र मुळीच बिघडलेले नसते, तरी दुरुस्तीवाला बोलावला जातो.

टीव्हीतल्या ॲपमधून चित्रपट पाहायचा असेल तर आवाज एचडीएमआयच्या आर्क किंवा ईआर्क असे लिहिलेल्या खोबणीतून रिसीव्हरकडे परत येतो. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचा ॲटमॉस दाबलेल्या स्वरूपात येतो, त्याला साधा आर्कही पुरतो. ब्लू-रे तबकडीवरचा काहीही न गमावता साठवलेला आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ईआर्क लागतो. ऑप्टिकल वायरीतून 5.1 येते, ॲटमॉस येत नाही. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर बहुधा केबल टीव्हीची तार आणि घरातले अर्थिंग यांच्यात फेरा तयार झालेला असतो. केबलची पिन काढल्याबरोबर आवाज थांबला, तर दोष स्पीकरचा नाही.

शेवटचे काम जुळवणीचे. बहुतेक रिसीव्हरांबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो सोफ्याच्या पाठीवर न ठेवता कानाच्या उंचीला, स्टँडवर धरावा. पंखा, फ्रिज आणि कुकर बंद असताना मोजणी करावी, आणि सोफ्यावरच्या निदान तीन-चार जागा मोजाव्यात. यंत्र प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी ठरवते. आवाजाला एक फूट कापायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. जवळचा स्पीकर तेवढा थांबवला की सगळे आवाज एकदम पोचतात. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले जाते, ती चूक नसते. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ यंत्राने अंतरात धरलेला असतो. मोजणीनंतर मात्र एकदा हाताने तपासावे. काही यंत्रे समोरच्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवून खर्ज त्यांच्याच गळ्यात मारतात. ते ‘स्मॉल’ करून 80 हर्ट्झची सीमा घालावी, मधला स्पीकर दोन डेसिबल वर घ्यावा, आणि ओठ व शब्द यांत अंतर वाटले तर आवाजाचा विलंब कमी-जास्त करावा. आवाज किंचित मागे राहिला तर मेंदू चालवून घेतो, कारण वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो याची त्याला सवय आहे. आवाज पुढे धावला की लगेच खटकते.

पंखा बंद करून ऐकणे मोजणीपुरतेच नसावे. ‘सैराट’च्या अखेरच्या प्रसंगात सगळा आवाज थांबतो, त्या शांततेत पंख्याची घरघर आणि रिसीव्हरची सळसळ मिसळली तर दिग्दर्शकाने राखलेली जागा भरून जाते. जोराच्या आवाजाइतकाच हळू आवाजही यंत्रणेच्या कामाचा भाग आहे, आणि खोली जितकी शांत, तितका आवाज खाली ठेवूनही संवाद कळतो.

याचा संबंध शेजाऱ्यांशीही आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्यापेक्षा पाच डेसिबलहून अधिक भरू नये. मधला आणि टिपेचा आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते. खर्ज स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी फोमची पट्टी घातल्याने जमिनीतून जाणारा थरकाप कमी होतो, हवेतून जाणारा नाही. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलणारी ‘नाइट’ सोय असते. दहानंतर ती लावावी आणि सबवूफर पाच-सहा डेसिबल खाली घ्यावा.

देखभाल फारशी नसते, पण कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवा स्पीकरच्या एका भागावर डोळा ठेवून असते. कोनाच्या कडेची फोमची कडी दहा-पंधरा वर्षांत मऊ पडून भुग्यासारखी झडते आणि खर्जाला फडफड येते. रबराची कडी बरीच जास्त टिकते. विकत घेताना जाळी काढून कडी बोटाने हलकेच दाबून पाहावी. भिंतीला ओल येत असेल तर एमडीएफचे खोके खालून फुगते, म्हणून पावसाळ्यात ते भिंतीपासून आणि फरशीपासून सुटे ठेवावे. फोमची कडी झडलेला जुना चांगला स्पीकर टाकून देण्याची गरज नसते. कडी किंवा अख्खा कोन बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांच्या इलेक्ट्रॉनिक बाजारांत अजून सापडतात, आणि चुंबक व खोके शाबूत असेल तर तो स्पीकर पुन्हा बरीच वर्षे वाजतो.